पुडा उलटा करणाऱ्या येळवंडे मॅडम

मी माझ्या वडिलांना चोर ठरवलं होतं. रविवारची दुपार होती. रावेतहून बहीण आणि मेहुणे जेवायला आले होते आणि मी सगळ्यांच्या देखत विचारलं, "आण्णा, खरं सांगा, चोरून गूळ कधी खाता?" मेहुणे हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो.

हे आधी सांगून टाकतो. ज्या बाईंबद्दल मी लिहायला बसलोय, त्यांना ही गोष्ट गाळलेली अजिबात चालली नसती. "दोष असंल तो पहिल्यांदा दाखवायचा, मग काय कौतुक करायचं ते करा," असं त्या म्हणायच्या. हे त्या लोखंडी मालाबद्दल म्हणायच्या, पण त्यांच्या लेखी माल आणि माणूस यांत फार फरक नव्हता.

शालन येळवंडे आमच्या चाकणच्या कंपनीत 'इनकमिंग'च्या प्रमुख होत्या. बाहेरच्या लहानमोठ्या वर्कशॉपमधून जो माल यायचा, बुश, पिना, स्प्रिंगा, ब्रॅकेट, तो आधी त्यांच्या टेबलावर. त्यांनी हिरवा टॅग लावला तर तो लाइनवर जायचा, लाल लावला तर जाळीच्या पिंजऱ्यात. मी पर्चेसला. म्हणजे मी माल आणायचा आणि त्यांनी अडवायचा. आमच्यात बोलणं कमी आणि वाद जास्त व्हायचे यात नवल नाही.

उंची बेताची, पण आवाज शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. साडीवर कंपनीचा निळा ॲप्रन, पायात सेफ्टी शूज आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोरीत अडकवलेलं भिंग. चाकणजवळच्याच गावातल्या त्या. मीटिंगमध्ये साहेबांपुढे अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलायच्या. माल खराब निघाला की मात्र घरच्या बोलीवर यायच्या. "बिराजदारभाऊ, ह्ये न्हाई जमायचं," एवढं ऐकू आलं की मी मुकाट्यानं वेंडरला फोन लावायचो. त्या 'हे'चं 'ह्ये' झालं म्हणजे वाद संपला, हे मला अनुभवानं कळलं होतं.

त्यांची एक सवय मला फार खटकायची. प्रत्येक मालाबरोबर वेंडरचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. सही, शिक्का, सगळं झकास. मॅडम तो कागद हातात घ्यायच्या, न वाचता पालथा घालायच्या आणि त्यावर चहाचा कप ठेवायच्या.

"मॅडम, वाचा तरी," मी म्हणायचो.

"वाचते की. आधी पार्टला विचारते, मग कागदाला. कागदाला आधी विचारलं की मग पार्टाचं ऐकूच येत न्हाई."

हीच तऱ्हा जेवणाच्या टेबलावर. कँटीनमध्ये कुणी बिस्किटाचा किंवा चिवड्याचा पुडा फोडला की त्यांचा हात पुढे व्हायचा. खायला नाही, उलटा करायला. मागच्या बाजूची ती मुंगीच्या पायाएवढी अक्षरं त्या भिंगातून वाचायच्या, सावकाश, ओठ हलवत. त्यांची सून म्हणे वैतागायची, "आईंबरोबर दुकानात जायचं म्हणजे वाचनालयात गेल्यासारखं वाटतं." कुणी विचारलं की मॅडमचं उत्तर ठरलेलं. पुढची बाजू म्हणजे स्थळाचा फोटो. मागची बाजू म्हणजे शेजाऱ्यांकडे केलेली चौकशी. "फोटो बघून कुणी पोरगी देतं व्हय?"

या नादापायी एकदा फजितीही झाली होती. अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याच्या निरोपाला केक आणला होता. सगळे टाळ्या वाजवायला उभे. खोक्याच्या तळाशी चिठ्ठी चिकटवलेली मॅडमना दिसली आणि सवयीनं त्यांनी खोकं उलटं केलं. केक झाकणाला जाऊन चिकटला, त्या गृहस्थांच्या नावासकट. मग मॅडमनीच चमचा घेतला, झाकणावरचा पहिला लपका स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय. कशाचा झालाय ते मात्र वाचायचं राहिलं." त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की भिंग ॲप्रनवर आपटत होतं.

एकदा कँटीनच्या ठेकेदारानं, रमेशभाऊनं, तेलाचे नवे डबे आणले. डब्यावर लालबुंद हृदयाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉल नाही'. रमेशभाऊनं फळ्यावर खडूनं लिहूनसुद्धा टाकलं की आजपासून जेवण हृदयाला हितकारक तेलात. मॅडम थेट डब्यापाशी गेल्या.

"रमेशभाऊ, शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल असतं का हो?"

"नसंल मॅडम. मला काय म्हाईत."

"सूर्यफुलात? करडईत? कुठल्याच झाडाच्या तेलात नसतं. ते जनावराच्या चरबीत असतं, तुपात असतं. मग नसलेलं न्हाई असं लिहायला मोठेपणा कशाचा? उद्या मी आपल्या बुशावर छापते, 'यात हाडं नाहीत'. खोटं हाय का? न्हाई. पण घेणाऱ्याला वाटंल, बाकीच्यांच्या बुशात हाडं असतात."

सगळं कँटीन हसलं. रमेशभाऊही हसला. पण मॅडमनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "नवा डबा आल्यापासून पळी वाढवलीय ना?" त्यानं मान खाली घातली. हृदयाचं चित्र बघून त्यानं हात मोकळा सोडला होता. "चित्र बघून तेल पातळ होत न्हाई, भावा," त्या म्हणाल्या. मला आज वाटतं, सगळी गोष्ट या एका वाक्यात होती. मी ते ऐकलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं.

त्या काही पथ्याच्या देवी नव्हत्या. शनिवारी सुटल्यावर गेटबाहेरच्या गाड्यावर उभं राहून वडापाव खायच्या. मला एकदा त्या तिथं सापडल्या. मी आनंदानं म्हणालो, "मॅडम! तुम्ही? आणि हे?"

"का? ह्यो वडा म्हणतोय का, मी तुमची प्रतिकारशक्ती वाढवतो? गप तेलात तळतोय बिचारा. खरं बोलणाऱ्याचं मी खाते. थोडं खाते, पण खाते."

आता एक प्रसंग सांगतो, तो त्यांच्या चुकीचा आहे. भोसरीचे चव्हाण म्हणून एक वेंडर होते. लहानसं वर्कशॉप, दोन-तीन लेथ, माणूस सरळ. त्यांचे बुश मॅडमनी नाकारले. आमच्या आवारात, टेम्पोपाशीच, पेटीला लाल टॅग बांधला. तेव्हा आणखी दोन वेंडर आपला माल उतरवत उभे होते. संध्याकाळपर्यंत भोसरीत बातमी फिरली की चव्हाणांचा माल येळवंडेबाईंनी पाडला. या धंद्यात त्याचा अर्थ काय होतो, ते पर्चेसवाल्याला सांगायला नको.

पुढे मॅडमच्याच लक्षात आलं की मापायचं गेज झिजलं होतं. माल बरोबर होता. लाल टॅग काढून हिरवा लावला असता, माल लाइनवर गेला असता आणि विषय संपला असता. मीही तेच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना वजनात काटा मारायला सांगितलं होतं.

"त्या दिवशी टेम्पोपाशी कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी चव्हाणांना बोलावलं. त्या दोघा वेंडरनाही बोलावलं. पिंजऱ्यातली पेटी बाहेर, आवारात, त्याच जागी आणवली आणि सगळ्यांसमोर कात्रीनं टॅग कापला. "माझं गेज झिजलेलं होतं. चव्हाणांचा माल चांगला होता. चूक माझी." चव्हाण कानकोंडे झाले. "राहू द्या हो मॅडम, एवढं कशाला," म्हणत होते.

"न्हाई. राहू द्यायचं न्हाई. चारचौघांत लावला ना? मग काढायचाबी चारचौघांत."

मला तेव्हा तो देखावा वाटला होता. मनात म्हणालो, बाईंना टाळ्या हव्या असतात. टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या हे मला दिसलं होतं, तरीही.

आई गेल्यावर आण्णा आमच्याकडे चिंचवडला राहायला आले. लातूरकडचं आमचं गाव. आण्णा आयुष्यभर बसवर ड्रायव्हर होते, मुक्कामी गाड्या घेऊन जायचे. ढाब्यावर ड्रायव्हरला फुकट जेवण आणि वर गोड असतं. आण्णांनी ड्युटीवर कधी गोड तोंडात घातलं नाही. गोड खाल्लं की डोळा लागतो आणि मागं लोक बसलेले असतात, एवढंच म्हणायचे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तरी मी त्यांच्याशी जे वागलो ते वागलो.

त्यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, साखर-गूळ बंद, खाणं मोजकं ठेवा. मी ठरवलं, आण्णांचं सगळं खाणं मी बघणार. आईच्या आजारपणात मी कामाच्या नावाखाली फार लांब राहिलो होतो. ते मला खात होतं. त्याची भरपाई म्हणून मी दर रविवारी मॉलमधल्या त्या वेगळ्या रांगेत जायचो, जिथं हिरवी पाकिटं आणि कणसांची चित्रं असतात. 'शुगर-फ्री' बिस्किटं, 'मल्टिग्रेन' ब्रेड, 'साखर घातलेली नाही' लिहिलेला फळांचा रस, सकाळी दुधात टाकायचा कुरकुरीत पोहे-छाप पदार्थ, त्यावर पुन्हा हृदय. महाग असायचं. महाग होतं म्हणून माझा विश्वास आणखी बसायचा.

आण्णांची ज्वारीची भाकरी मी बंद केली. "भाकरीनं पोट भरतं आण्णा, पण शुगर वाढते," असं कुठंतरी ऐकलेलं मी त्यांना ऐकवलं. वैशाली, माझी बायको, म्हणाली, "अहो, जन्मभर भाकरीच खाल्लीय त्यांनी. एकदा डॉक्टरांना विचारा तरी." मी तिला पुड्याची पुढची बाजू दाखवली. आण्णा मात्र लेकानं प्रेमानं आणलंय म्हणून ती बिस्किटं चहात बुडवून मुकाट्यानं खायचे. पोट भरायचं नाही, म्हणून आणखी खायचे. मी म्हणायचो, "खा आण्णा, शुगर-फ्री आहेत."

आणि साखर वाढत गेली. डॉक्टर प्रत्येक वेळी रिपोर्ट बघून भुवया उंचावायचे. गोळ्या वाढवल्या. मग म्हणाले, "आता पुढच्या वेळीही अशीच राहिली तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. घरात गोड काही होतंय का, जरा बघा." त्यांनी साधेपणानं विचारलं होतं. माझ्या डोक्यात मात्र संशय शिरला. मी डबे तपासायला लागलो. गुळाची ढेप कमी झालेली दिसली. वैशाली म्हणाली, "आमटीत घालते मी, रोज." मी तिचंही ऐकलं नाही. आणि मग तो रविवार आला.

माझ्या प्रश्नावर आण्णा ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "म्या न्हाई खाल्लं." एकदाच म्हणाले. मेहुणे हसत म्हणाले, "म्हातारपणी होतं असं, चालायचंच." बहिणीनं विषय बदलला.

दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. तहान लागली की उंबऱ्याशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, पानी देतीस का?" माठ दारातून दोन पावलांवर होता. वैशाली माझ्याकडे बघायची. मी पेपर बघायचो.

कँटीनमध्ये जेवताना मी हे रडगाणं गात होतो. वडील ऐकत नाहीत, चोरून खातात, बहीण-मेहुण्यांसमोर विचारलं तरी कबूल करत नाहीत, आता इन्सुलिनवर आलंय. माझ्यासमोर तोच बिस्किटांचा पुडा होता, मीही तीच खायचो. मॅडम शेजारच्या टेबलावरून उठल्या, पुडा उलटा केला आणि भिंग लावलं.

"वडलांना किती देता ही?"

"सकाळी, संध्याकाळी. मधे भूक लागली तर. का?"

"आणि साखर वाढलीय म्हणता?"

मला काय झालं कोण जाणे. मी जोरात म्हणालो, "मॅडम, तुम्हाला सगळीकडे रिजेक्शनच दिसतं. हा बुश नाही. माझे वडील आहेत. माझ्या घरात तुमचं भिंग नको."

सगळं कँटीन वळून बघायला लागलं. मॅडमनी पुडा होता तसा माझ्यापुढे ठेवला. "वडील हायेत म्हणून तर विचारलं," एवढंच म्हणाल्या आणि डबा उचलून गेल्या.

घरी गेलो तर आण्णा उंबऱ्याशी उभे होते. वैशाली बाल्कनीत कपडे काढत होती, तिला त्यांची हाक ऐकू गेली नव्हती. माठ समोर दिसत होता आणि ते तसेच उभे होते. मी पाणी दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, पाहुण्यासारखा. तो घोट गिळताना त्यांच्या गळ्याची हालचाल मला दिसली आणि मला बसवेना. मी उठलो आणि कपाटातले सगळे पुडे, डबे, खोकी एका पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी ती पिशवी घेऊन इनकमिंगला गेलो. मॅडम हात पुसत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, काल मी फार…"

"ते मागनं. आधी माल काढा. तोंडं खाली करून ठेवा."

ज्या काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर माझे बुश आणि पिना तपासल्या जायच्या, त्यावर मी आण्णांची बिस्किटं, ब्रेड, रस, सगळं ओळीनं पालथं ठेवलं. मॅडमनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं.

"तुम्ही वाचा. मी वाचलं तर ते माझं म्हणणं होईल."

मी वाचायला लागलो. बिस्किटांत पहिलं नाव मैद्याचं.

"थांबा. जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहितात. आता पुढं जा."

पुढं तेल होतं. मग माल्टोडेक्स्ट्रिन. "हे काय?" मी विचारलं.

"साखरेचा चुलतभाऊ. स्टार्चपासून करतात. जिभेला फार गोड लागत न्हाई, पण रक्तात साखरेसारखाच चढतो. आडनाव वेगळं लावलंय म्हणून पुढच्या बाजूला 'शुगर-फ्री' लिहिता आलं. आणि आडनावं सोडा, नुसता मैदाबी पोटात गेल्यावर साखरच होतो."

मल्टिग्रेन ब्रेडमध्येही पहिला मैदा. बाकीची धान्यं होती, नाही असं नाही, पण यादीच्या शेवटी, मिठाच्या आसपास, लग्नपत्रिकेत नाव घालायचं म्हणून घातलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी. रसात वरून साखर घातलेली नव्हती हे खरं होतं. पण तो आटवलेल्या फळांच्या रसापासून केलेला होता. त्याची स्वतःची साखर एवढी होती की आणखी घालायची गरजच नव्हती. हृदयाचं चित्र असलेल्या खोक्यावर साखर, मध आणि गूळ तिन्ही वेगवेगळे लिहिले होते. "तिघांना एकत्र मोजलं तर पहिल्या ओळीत येतील," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तिघांना लांब लांब बसवलंय." एका पुड्यावर मोठ्या नावापुढे चांदणी होती. चांदणीचा अर्थ खाली कोपऱ्यात सापडला. ते नाव म्हणजे फक्त व्यापारी नाव आहे, त्यावरून आतल्या पदार्थाचा गुण समजू नये.

"आणि हे आकडे?" मी तक्त्याकडे बोट दाखवलं. "हे तर कमी दिसतायत."

"कशाचे हायेत बघा. एका खेपेचे. एक खेप म्हणजे दोन बिस्किटं. आण्णा दोनच खायचे का?"

मीच तर म्हणायचो, खा आण्णा, आणखी खा.

एवढी वर्षं मी कारखान्यात काम केलं. वेंडरच्या कागदावर विश्वास ठेवून माल घ्यायचा नसतो हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आणि माझ्या स्वतःच्या बापाच्या ताटात मी नुसतं सर्टिफिकेट वाचून माल वाढत होतो. तपासला एकदाही नव्हता. आणि नापास झाला तेव्हा ज्याला तो वाढला, त्याच्यावरच लाल टॅग लावला होता.

हे मी मनात म्हणत होतो की मोठ्यानं, ते आठवत नाही. मोठ्यानंच बोललो असणार. कारण मॅडम म्हणाल्या, "मग कधी काढताय?"

"आज रात्रीच बोलतो मॅडम. जेवण झालं की, दोघंच असताना."

"लावला तेव्हा दोघंच व्हता?"

त्यांनी पिशवीत एकेक पुडा परत भरला. "आणि हे बघा, मी डॉक्टर न्हाई. मी म्हणते म्हणून गोळी एक कमी करायची न्हाई. हे सगळं त्यांना दाखवा. ते सांगतील ते करा."

मी डॉक्टरांकडे पिशवी घेऊनच गेलो. त्यांनी चार पुडे उलटे करून बघितले, पाचवा बघितलाच नाही. "हे तुम्ही रोज देत होता?" म्हणाले. मग भाकरी परत सुरू झाली, मोजून. मेथी, आंबाडी, मुगाची उसळ, ताक. संध्याकाळी फिरणं. पहिल्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना आण्णा म्हणाले, "आता जेवल्यागत वाटतंय." वैशाली मला काही म्हणाली नाही, आणि त्या काही न म्हणण्याबद्दल मी तिचे आभार मानले, माफीही मागितली. पुढचा रिपोर्ट खाली आला. त्याच्या पुढचा आणखी खाली. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिनचं नाव आता काढायचं कारण नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेता आला. आण्णांनी तिथंच मला विचारलं, "काय रं, घाम का आलाय तुला?"

पण स्वयंपाकघरात ते अजूनही जात नव्हते. मी एकदा हळूच म्हणून टाकलं होतं, "आण्णा, ते सगळं त्या बिस्किटांमुळं होतं बरं का." ते म्हणाले, "आसंल." मी स्वतःची समजूत घातली की झालं, संपलं. मॅडम मात्र माझ्या टेबलावरून जाताना कधीतरी थांबायच्या.

"निघाला का टॅग?"

"निघतोय मॅडम."

"निघत नसतो. काढावा लागतो."

त्या निवृत्त झाल्या. कंपनीत समारंभ झाला, केक ठेवायचा धीर कुणाला झाला नाही. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्यांनी विचारलं, "आणखी कोण हाय?" मी म्हणालो, "फक्त तुम्हीच मॅडम."

"बहिणीला बोलवा की. मेहुण्यांनाबी."

मला कळलं. मी दोघांना बोलावलं.

त्यानंतर त्या मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. आता भेट नाही. कधीतरी फोनवर एखाद्या पुड्याच्या मागच्या बाजूचा फोटो येतो, त्याबरोबर एक अक्षर लिहिलेलं नसतं. मी भिंग घेऊन वाचतो. पण त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जेवणाच्या रविवारी.

जेवण छान झालं. मेहुण्यांनी मिठाईचं खोकं आणलं होतं. त्यावर सोनेरी अक्षरांत 'मधुमेहींसाठी खास'. मॅडमचा हात आपोआप पुढे झाला, मग केकची आठवण झाली असावी. त्यांनी खोकं उलटं न करता डोक्याच्या वर धरलं आणि खालून वाचायला लागल्या. आण्णा कुतूहलानं बघत होते.

"काय लिवलंय बाई मागं?"

"फोटोतला नवरा आन् मांडवातला नवरा येगळा हाय आण्णा."

आण्णा पोट धरून हसले. मग त्यांना त्यांच्या डेपोतलं आठवलं. "आमच्याकडंबी गाडी ओके म्हनून लिवून देयाचे बगा. म्या आदी टायरला लात घालून बगायचो, मग स्टेरिंगला हात लावायचो. कागद काय, कागदाला खड्डा लागत न्हाई." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, असा माणूस घरात असताना तुम्ही इनकमिंगला पिशवी घेऊन आला होता व्हय?

त्या निघाल्या. सगळे दारापर्यंत पोचवायला आलो. बहीण, मेहुणे, वैशाली, आण्णा. मॅडमनी एका पायात चप्पल घातली, दाराची चौकट धरली आणि दुसरी घालता घालता थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. वेंडर 'सॉरी मॅडम' म्हणायच्या आधी त्या जशा थांबायच्या, तशा. दुसरी चप्पल त्यांच्या पायाजवळ पडून होती.

माझ्या लक्षात आलं, ही चप्पल पायात गेली की माझी संधी गेली.

"आण्णा," मी म्हणालो. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, "आण्णा, त्या रविवारी मी या सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं होतं, चोरून गूळ कधी खाता म्हणून. तुम्ही खाल्ला नव्हता. तुम्ही खरं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्हाला जे बाधत होतं ते मीच आणत होतो, मीच वाढत होतो. चूक माझी. मला माफ करा."

मेहुणे जमिनीकडे बघत होते. बहिणीनं आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. आण्णांनी तो हात हलकेच बाजूला केला, वळले आणि आत गेले. मला वाटलं, रागावले. मग स्वयंपाकघरात माठाचं झाकण वाजलं. ते पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आले.

"पानी पिऊन जा बाई," ते मॅडमना म्हणाले. "लांब जायचंय." मग उरलेला तांब्या त्यांनी माझ्यापुढं धरला. "तूबी घे. घसा कोरडा पडलाय तुजा."

मॅडम उभ्याउभ्या पाणी प्यायल्या, त्यांनी पेला परत दिला आणि दुसरी चप्पल पायात घातली.